सॉसचा टोमॅटो : बियाण्यापासून बरणीपर्यंत

टोमॅटोचा सॉस पातेल्यात तास न् तास रटरटत असतो, तेव्हा आपण खरं तर पाणी हाकलत असतो. कुठल्याही टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. फरक पडतो तो उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत आणि ते पाणी फळात कुठे साठलंय त्यात. रसाळ गोल टोमॅटो आडवा कापला की चार-पाच किंवा त्याहून जास्त कप्पे दिसतात, आत बिया आणि बुळबुळीत रस. सॉसचा लांबट टोमॅटो कापला तर दोन-तीन अरुंद कप्पे आणि बाकी सगळा गर. म्हणजे आटवायचं अर्धं काम बियाणं निवडतानाच उरकलेलं असतं. गंमत अशी की पातेल्यात नको असलेलं हेच पाणी झाडाला मात्र रोज, ठरल्या मापाने लागतं, आणि त्यात चूक झाली की सगळ्यात आधी भोगतो तो हाच लांबट टोमॅटो.

आम्ही जुने सरळ वाण लावतो, संकरित नाही. कारण चव, आणि दुसरं म्हणजे बी घरचं धरता येतं. सान मार्झानो हा इटलीतल्या कँपानिया प्रांतातला, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या आसपासच्या मातीत वाढलेला वाण. तिथल्या ठरावीक पट्ट्यात पिकलेल्या सान मार्झानोला १९९६ पासून युरोपात नावाचं संरक्षण आहे. बी मात्र कुणालाही, कुठेही लावता येतं. फळ लांब, टोकदार, बिया कमी, साल सहज सुटते. ओपाल्का मूळचा पोलंडकडचा. फळ मोठ्या मिरचीसारखं, आत जवळजवळ भरीव. याची पानं बारीक आणि लोंबती असतात. झाड रोगट दिसतं म्हणून नवखा माणूस उगाच पाणी वाढवतो आणि नुकसान करून घेतो. ते झाड तसंच दिसतं, सोडून द्यावं. अॅमिश पेस्ट हृदयाच्या आकाराचा, वजनदार, पण या सगळ्यांत जास्त रसाळ. त्याला आटायला वेळ लागतो, चव मात्र भरपूर. म्हणून दोन वाटे सान मार्झानो किंवा ओपाल्का आणि एक वाटा अॅमिश पेस्ट, असं मिश्रण आम्हाला बरं वाटतं. नुसत्या सान मार्झानोचा सॉस दाट होतो खरा, पण थोडा एकसुरी लागतो.

रोमा याच यादीत बसवतात, पण तो तसा फार जुना नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५५ मध्ये तयार केलेला हा वाण, आणि सान मार्झानो त्याच्या पूर्वजांत आहे. त्याची वाढ झुडपासारखी, मर्यादित. फळं दोन-तीन आठवड्यांत एकदम येतात. वरचे तिन्ही वाण वेलीसारखे वाढत राहतात आणि दीड-दोन महिने थोडी थोडी फळं देतात. एकाच दिवशी मोठा घाणा उरकायचा असेल तर रोमा सोयीचा. दर आठवड्याला थोडं थोडं काम चालणार असेल तर बाकीचे.

झाडं किती लावायची ते बरण्यांवरून उलटं मोजावं. दाट सॉसच्या एक क्वार्टच्या, म्हणजे ९४६ मिलीच्या सात बरण्यांना साधारण २१ किलो टोमॅटो लागतात. पातळ सॉसला १६ किलो. चांगल्या सांभाळलेल्या झाडाचे आम्ही चार किलो धरतो. त्याहून जास्त आले तर वरकमाई. सात बरण्यांना सहा झाडं हा हिशोब रोग-किडीची तूट धरून आहे.

बी पेरायचं ते शेतात लावण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी. कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गेलं तर कोंब वर यायला धडपडतो. मिश्रण २४ ते २९ अंश सेल्सियसवर राहिलं तर पाच ते दहा दिवसांत उगवण होते. थंड जागी तीन आठवडेही लागतात आणि तोवर निम्मं बी कुजतं. उगवल्यावर उष्णता कमी, उजेड जास्त. खिडकीतला उजेड सहसा पुरत नाही, रोपं लांबट आणि लुळी होतात. दिव्याखाली १४ ते १६ तास, आणि दिवा पानांपासून वीतभर अंतरावर. खरी पानं दिसली की मोठ्या कुंडीत हलवायचं, खोड पहिल्या पानापर्यंत मातीत पुरून. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे लांबट रोपही यातून सावरतं. बाहेर नेण्यापूर्वी सात ते दहा दिवस रोपं कणखर करावी लागतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू ऊन आणि वारा. ही पायरी गाळली तर पानं दोन दिवसांत पांढरी पडतात आणि रोप पंधरा दिवस मागे जातं.

रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर स्थिरावलं की लागवड. मातीचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.२ ते ६.८ असावा. दोन झाडांत ६० सेंटिमीटर, दोन ओळींत किमान ९० सेंटिमीटर. दाट लावलं की हवा खेळत नाही, आणि जुन्या वाणांना रोगप्रतिकारशक्ती बेताचीच असते. खड्ड्यात कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पुरे. नत्राचा मारा केला की झाड काळंभोर, पानंच पानं, आणि फळं उशिरा. आधाराच्या काठ्या लागवडीच्या दिवशीच रोवायच्या, नंतर रोवल्या तर मुळं तुटतात. काठी जमिनीवर दोन मीटर तरी हवी. वेलीसारख्या वाणांची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारा कोंब, बोटभर असतानाच खुडायची. आम्ही पहिल्या घोसाखालची एक फूट ठेवून दोन खोडांवर झाड चालवतो. एकाच खोडावर फळ थोडं लवकर येतं, पण वर पानं कमी पडतात आणि उन्हाने फळ भाजतं. रोमाची बगलफूट काढायची नाही. त्याची फळं त्याच फांद्यांवर असतात, ती खुडली तर पीकच खुडलं जातं.

आता पाणी. सॉसच्या टोमॅटोचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे बूड काळं पडणं. देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणचट डाग, मग तपकिरी-काळा, चामड्यासारखा खोलगट चट्टा. हा रोग नाही, कीडही नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचला नाही एवढंच. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतो, आणि पानं पाणी जास्त ओढतात म्हणून बहुतेक कॅल्शियम तिकडेच जातो. फळाच्या वाट्याला आधीच थोडा, त्यात लांबट फळाचं टोक देठापासून सगळ्यात दूर. दोन दिवस माती सुकली आणि तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं, की त्या दोन दिवसांत वाढलेलं टोक उपाशी राहिलेलं असतं. डाग दिसतो आठवड्याभराने, म्हणून माणसाला कारण लक्षात येत नाही.

बहुतेक मातीत कॅल्शियम पुरेसा असतोच. अंड्याची टरफलं खड्ड्यात घालणं मनाचं समाधान. ती विरघळायला फार वेळ लागतो, त्या हंगामात त्यांचा उपयोग होत नाही. पानांवर कॅल्शियम फवारूनही तो फळात फारसा उतरत नाही. उपाय एकच, माती सारखी ओलसर ठेवणं. आठवड्याला अडीच ते चार सेंटिमीटर पाणी, कडक उन्हात त्याहून जास्त, आणि तेही दोन-तीन वेळा विभागून खोलवर. ठिबक असेल तर उत्तम. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून ओल बघायची. वरची माती कोरडी दिसली म्हणून लगेच पाणी सोडायचं नाही. माती तापल्यावर पाच ते आठ सेंटिमीटर पेंढ्याचं किंवा वाळल्या पाल्याचं आच्छादन. माती थंड असताना अंथरलं तर ती थंडच राहते आणि मुळं चालत नाहीत. झाडाच्या बुंध्याशी खोल खुरपणी करू नये, वरची बारीक मुळं तुटली की तोच डाग पुन्हा. अमोनियाच्या रूपातलं नत्र जास्त दिलं तरीही तेच. डागाळलेली फळं तोडून टाकावी. पहिल्या एक-दोन घोसांत हे होतंच, पुढे मुळं पसरली आणि पाणी नेमाचं झालं की आपोआप कमी होतं. फवारणीवाल्याला वाटतं त्याच्या औषधाने गुण आला.

उष्णतेचंही थोडं. दिवसा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्री २१-२४ च्या वर पारा राहिला की परागकण निकामी होतात, फुलं गळतात. खत वाढवून फूल टिकत नाही, हवा थंडावेपर्यंत थांबावं. ३० अंशांच्या वर फळात लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून तीव्र उन्हाळ्यात फळं पिवळट-नारिंगी राहतात आणि खांदे कडक होतात. अशी फळं रंग फुटताच तोडून घरात पिकवली तर जास्त लाल होतात.

करप्यासाठी एकच सवय पुष्कळ काम करते. झाड कमरेपर्यंत वाढलं की जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंतची पानं काढून टाकायची आणि पाणी पानांवर नाही, बुंध्याशी द्यायचं. बुरशी मातीतून शिंतोड्यांबरोबर वर येते. खालच्या पानांवर एकात एक वर्तुळांचे डाग दिसले तर तो लवकर येणारा करपा. पानं काढत राहिलं तरी हंगाम निघतो. पण ओल्या, थंड हवेत पानांवर तेलकट डाग, खाली पांढरट बुरशी आणि खोडावर काळे पट्टे दिसले तर तो उशिराचा करपा, बटाट्यालाही होतो तोच. त्यात झाड वाचवत बसू नये. उपटून, पिशवीत बांधून बाहेर. त्याच जागी टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची यांतलं काहीही तीन-चार वर्षं लावू नये.

तोडणी पूर्ण लाल झाल्यावर, नाहीतर अर्धा रंग चढल्यावर तोडून १८ ते २४ अंशांत, देठ खाली करून, एका थरात ठेवायची. फ्रिजमध्ये कच्ची फळं ठेवली तर चव जाते आणि गर पिठूळ होतो. सॉसला फळ पूर्ण पिकलेलं पण घट्ट हवं. एकाच वेळी २१ किलो जमत नसतील तर पिकलेली फळं धुऊन, देठ काढून फ्रीझरमध्ये टाकत जावं. बाहेर काढल्यावर साल हाताने सुटते आणि भांड्यात पाणी वेगळं साचतं. ते ओतून टाकलं की आटवण्याचा वेळ वाचतो, पण थोडी चवही त्याच्याबरोबर जाते. आम्ही ते पाणी वेगळं आटवून शेवटी सॉसमध्ये परत घालतो. मेलेल्या किंवा गारठ्याने मारलेल्या वेलीवरची फळं मात्र बरणीसाठी घेऊ नयेत. त्यांचा आंबटपणा उतरलेला असतो.

पातेल्यातली सगळ्यात सामान्य चूक पहिल्या दहा मिनिटांत होते. टोमॅटो चिरून ढीग करून ठेवला की पेशी फुटतात आणि फळातली विकरं (एन्झाइम) सॉसला दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतात. मग सॉस कितीही आटवा, ताटलीत वाढला की गर मध्ये आणि पिवळं पाणी कडेला. उपाय असा : रुंद, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आचेवर ठेवायचं, आधी अर्धा किलो टोमॅटोच्या फोडी टाकून लगेच ठेचत उकळी आणायची. ती चालू असतानाच पुढच्या फोडी चिरत आणि टाकत जायच्या, उकळी मोडू द्यायची नाही. विकरं या उष्णतेने निकामी होतात. सगळे टोमॅटो आत गेले की पाच मिनिटं उकळू द्यायचं आणि मग पुरणयंत्रातून काढायचं. साल आणि बिया वर राहतात, गर खाली. त्यामुळे सॉससाठी आधी सोलायची गरज नाही. अख्खे टोमॅटो भरायचे असतील तरच उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग थंड पाण्यात, आणि साल ओढून काढायची. तांब्या-पितळेचं, लोखंडाचं, साधं अॅल्युमिनियमचं भांडं नको. आंबटामुळे सॉसला धातूची चव लागते आणि रंगही बिघडतो.

पातळ सॉससाठी एक तृतीयांश आटवायचं, दाट सॉससाठी निम्मं. पातेल्याच्या बाहेर सुरुवातीची पातळी खुणेने दाखवावी, नाहीतर अंदाज नेहमी चुकतो. झाकण ठेवायचं नाही. पहिला तासभर आच मोठी चालते. दाट व्हायला लागला की मंद करून दर दोन-तीन मिनिटांनी कालथा बुडाला टेकवून ढवळायचं. बुडाला लागलाच तर खरवडू नये, वरचा सॉस दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावा. खरवडलेला करपट वास सगळ्या घाण्याला लागतो.

आता बरणी, जिथे अंदाजपंचे चालत नाही. बंद बरणीत, हवा नसताना, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू विष तयार करू शकतो आणि ते वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. सामू ४.६ किंवा त्याखाली असेल तर तो वाढत नाही. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, आणि वाण, पिकण्याची अवस्था, वेलीची स्थिती यांनुसार इकडे-तिकडे होतो. म्हणून चव कितीही आंबट लागली तरी आम्ल घालायचंच. क्वार्ट बरणीला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली बाटलीबंद लिंबाचा रस किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल. ४७३ मिलीच्या पाइंट बरणीला त्याच्या निम्मं. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, बाटलीतल्या रसाचा ठरलेला. आम्ल थेट प्रत्येक बरणीत घालायचं. पातेल्यात घातलं तर कुणाला जास्त, कुणाला कमी. आम्हाला सायट्रिक आम्ल बरं वाटतं, लिंबाची चव येत नाही. आंबट वाटला तर खाताना चिमूटभर साखर घालावी, आम्ल कमी करू नये.

कांदा, लसूण, मिरची, तेल किंवा पीठ बरणीच्या सॉसमध्ये घालायचं नाही. पहिल्या तिघांनी आंबटपणा उतरतो, तेल-पिठाने उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत पोचायला उशीर लागतो. वाळलेली पानं आणि मीठ चालतं. मीठ नुसतं चवीसाठी, टिकण्याशी त्याचा संबंध नाही. बाकीचं सगळं बरणी उघडल्यावर फोडणीत.

गरम बरणीत गरम सॉस ओतून वर ६ मिलिमीटर जागा सोडायची. पातळ सुरीसारखी पट्टी कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, जागा पुन्हा मोजायची, काठ ओल्या फडक्याने पुसायचा. काठावर गराचा एक कण राहिला तरी झाकण बसत नाही. झाकण दोन भागांचं असतं, वरची सपाट चकती आणि तिला धरून ठेवणारी आट्यांची रिंग. चकती दरवेळी नवी. रिंग बोटांच्या जोराने घट्ट, त्याहून जास्त नाही, कारण आतली हवा बाहेर पडायला हवी. मोठ्या भांड्यात तळाशी जाळी, बरण्यांवर किमान अडीच सेंटिमीटर पाणी. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर वेळ मोजायला सुरुवात. समुद्रसपाटीपासून ३०५ मीटरपर्यंत पाइंटला ३५ मिनिटं, क्वार्टला ४० मिनिटं. ३०६ ते ९१४ मीटरवर प्रत्येकी पाच मिनिटं जास्त, १,८२९ मीटरपर्यंत दहा, त्याहून वर पंधरा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून. क्वार्टहून मोठ्या बरण्यांना हे आकडे लावू नयेत.

वेळ संपली की आच बंद, झाकण काढून पाच मिनिटं तसंच. घाईने बरण्या बाहेर काढल्या तर आतला सॉस दाबाने बाहेर येतो आणि काठावर बसतो. मग कापडावर, दोन बरण्यांत बोटभर फट ठेवून, १२ ते २४ तास न हलवता. रिंग पुन्हा आवळायची नाही. दुसऱ्या दिवशी चकतीच्या मधोमध बोटाने दाबायचं. खाली-वर झाली तर बरणी हवाबंद बसली नाही. ती फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायची किंवा २४ तासांच्या आत नवी चकती लावून पुन्हा पूर्ण वेळ उकळायची. बसलेल्या बरण्यांच्या रिंगा काढून, बाहेरून धुऊन, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवायच्या. वर्षभरात वापराव्यात. रिंग काढून ठेवण्याचा फायदा असा की आत काही बिघडून वायू झाला तर चकती आपण होऊन सुटते आणि दिसते. रिंग असेल तर ती तशीच दाबून राहते. फुगलेली, झिरपलेली, उघडताना फसफसलेली बरणी चाखून बघायची नाही, टाकून द्यायची.

पुरणयंत्रात उरलेलं बी पेरणीला चालत नाही, ते उकळलेलं असतं. पुढच्या वर्षीच्या बियाण्याची फळं आधीच बाजूला काढावी लागतात. निवडताना आधी झाड बघावं, मग फळ : ज्या झाडाच्या पहिल्या घोसाचं बूड काळं पडलं नाही, करपा उशिरा चढला, त्याचं. पूर्ण पिकलेल्या फळातला बियांचा मगज वाटीत काढून थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवायचा. वर पांढरी साय येते, वास येतो. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं आणि चांगलं बी तळाशी बसतं. चौथ्या दिवसावर जाऊ दिलं तर वाटीतच मोड यायला लागतात. धुऊन ताटलीवर पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर वाळवलं तर ते चिकटून बसतं. टोमॅटोचं परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, तरी दोन वाणांत तीन-चार मीटर अंतर ठेवलेलं बरं. बी नखाने वाकवता मोडलं की वाळलं. मग कागदी पुडीत, पुडी काचेच्या बाटलीत, आणि पुडीवर वाण, वर्ष आणि झाडाचा नंबर.